एनसीसी कॅडेटला तोंडी समज कशी द्यावी? (रगडा, म्हणजे शारीरिक शिक्षा, न देता)

कातळसडा:
रत्नागिरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये जूनपासून एनसीसीचा चार्ज माझ्याकडे आहे. एनसीसी अधिकाऱ्याचा कामठीचा प्रशिक्षण कोर्स व्हायचाय, त्यामुळे सध्या केअरटेकरच (तात्पुरता प्रभारी). आर्मी विंग, ज्युनियर डिव्हिजन, मुलं-मुली मिळून 50 कॅडेट. परेड शनिवारी सकाळी 7 ला.

नववीतला एक कॉर्पोरल आहे, एका सेक्शनचा (छोट्या गटाचा) कमांडर. ड्रिल उत्तम, आवाज खणखणीत. पण गेल्या पाच परेडपैकी तीनला 15-20 मिनिटं उशिरा आला. मागच्या शनिवारी सार्जंटने (कॉर्पोरलच्या वरचा कॅडेट) सगळ्या ट्रूपसमोर, म्हणजे पूर्ण तुकडीसमोर, जाब विचारला, तर याने उलट उत्तर दिलं आणि सरळ रांगेत जाऊन उभा राहिला. मग सार्जंटने त्याला ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या. सार्जंटही नववीतलाच, त्याच्याच वर्गातला.

लेखी काही करायचं नाहीये, पालकांनाही एवढ्यात बोलवायचं नाही. साधी तोंडी समज द्यायची आहे. ती कधी, कुठे, कोणत्या शब्दांत द्यावी? आणि सार्जंटला काय सांगावं? जाणकारांनी नेमकं सांगावं, "प्रेमाने समजवा" एवढ्यावर काम होत नाही.

दुसरी_शिट्टी:
सर, तुमच्यासमोर तीन वेगळे विषय आहेत: उशीर, उलट उत्तर आणि सार्जंटच्या चकरा. एका बसणीला एकच विषय घ्या. तिन्ही एकदम काढलेत तर मुलगा एवढंच घेऊन घरी जातो की सर आपल्यावर चिडलेत. आधी उशीर घ्या, कारण उलट उत्तर त्यातूनच निघालंय. उशिराचं कारण सापडलं की उत्तराचा विषय बहुधा तोच स्वतःहून काढतो.

बोलण्याआधी दहा मिनिटं हजेरीच्या रजिस्टरपाशी बसा. तिन्ही तारखा आणि वेळा एका चिठ्ठीवर उतरवा. मुलगा कुठल्या वाडीतून येतो आणि तिथून पहिली एसटी किती वाजता सुटते तेही विचारून ठेवा. आपल्याकडे बरीच गावं वस्तीच्या गाडीवर चालतात. ती गाडी पावसात वीस मिनिटं मागे पडली तर फॉल-इनला (रांगेत हजर होण्याला) 7 वाजता पोचणं त्या मुलाच्या हातात राहत नाही. जुलैत घरची लावणी असते. बंदरावरचं घर असेल तर 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, होड्या सुटतात आणि पहाटे घरात हात कमी पडतात. या गोष्टी माहीत असल्या की तुमचा पहिला प्रश्नच बदलतो.

वेळ: परेड विसर्जन झाल्यावर, पण खाणं झाल्यानंतर. हा क्रम मोडू नका. साडेपाचला घर सोडलेलं पोर सकाळी नऊला उपाशी असतं. उपाशी पोराला तुमचं बोलणं निम्मंच ऐकू येतं आणि तुम्हाला ते उद्धट वाटायला लागतं. परेडच्या आधी कधीच बोलू नका, पुढचा दीड तास तो तेच चघळत राहतो. त्या दिवशी जमलं नाही तर सोमवारची मधली सुट्टी. त्यापलीकडे गेलात तर विषय शिळा होतो, मग त्याला वाटतं की सरांनी मनात धरून ठेवलंय.

जागा: व्हरांड्याचं टोक, किंवा ग्राउंडच्या कडेला एखाद्या झाडाखाली. लोकांना दोघे दिसायला हवेत, ऐकू यायला नको. स्टाफरूम नको, तिथे इतर शिक्षक मध्ये बोलतात.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुलगा तुमच्यासमोर येऊन सावधानमध्ये उभा राहील, तसंच ठेवून बोललात तर उत्तर येईल "जी सर". दहा वेळा विचारा, दहा वेळा "जी सर". सावधानमध्ये तेवढंच उत्तर शिकवलेलं असतं. म्हणून आधी "आराम से" म्हणा, बेरे (टोपी) काढायला सांगा आणि दोघेही बसा. पायरीवर बसलात तर उत्तमच, दोघांची डोकी एका उंचीला येतात.

शब्द साधारण असे:

"12 तारखेला तू सव्वासातला आलास, 19 ला सात वीसला, आणि 26 ला सात अठराला. काय होतंय?"

इथे थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण शिक्षक लोक तिसऱ्या सेकंदाला पुढचं वाक्य टाकतो आणि त्याला बोलायला जागाच उरत नाही. "का उशीर करतोस?" असं विचारू नका. त्या "का"ला एकतर सबब मिळते नाहीतर मौन. "तू नेहमीच", "तुला जबाबदारीच नाही", "पट्टी (हुद्द्याची खूण) लावलीस तर वागायलाही शीक" यातलं काहीही नको. तारखा आणि वेळा खोट्या पाडता येत नाहीत. "नेहमीच" हा शब्द मात्र तो लगेच खोटा पाडतो, कारण दोन परेडला तो वेळेवर होता.

कारण कळल्यावर अपेक्षा एका वाक्यात सांगा: "फॉल-इन 7 चं, म्हणजे सेक्शन कमांडर 6.50 ला ग्राउंडवर, कारण सेक्शनची गिनती तुझ्याकडे आहे." मग उपाय त्यालाच विचारा. बस हे कारण असेल तर दोन-तीन वाटा असतात. शुक्रवारी शाळेजवळ राहणाऱ्या नातेवाइकांकडे मुक्काम. आदल्या वाडीतल्या कॅडेटबरोबर सायकल. किंवा तुम्हीच त्या एका सेक्शनची गिनती दुसऱ्याकडे देऊन त्याला 7.15 ची परवानगी द्यायची. तिसरी वाट घेतलीत तर ती सगळ्या ट्रूपला उघड सांगा. नाहीतर लाडका म्हणून सूट मिळाली असं होतं आणि ते त्याच्याच अंगाशी येतं. कारण कंटाळा असेल तर हजेरीचा हिशोब त्याच्याकडून मांडून घ्या. 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. आतापर्यंतचे तास आणि उरलेले तास त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिले की फार बोलावं लागत नाही.

शेवटी तपासायची तारीख: "पुढच्या दोन परेड बघू, दुसऱ्या परेडनंतर इथेच पाच मिनिटं भेटू." आणि ती भेट चुकवू नका. समज फुकट जाते ती बहुतेक इथेच. मुलगा दोन शनिवार धावपळ करून वेळेवर येतो, सरांना आठवणही नसते, तिसऱ्या शनिवारी गाडी मूळपदावर.

एवढं सगळं दहा मिनिटांत होतं. वीस मिनिटं झाली तर समजा की व्याख्यान सुरू झालं.

एक छोटी वही ठेवा. तारीख, काय घडलं, काय ठरलं, पुढची भेट. कारण घरचं असेल तर ते वहीत लिहू नका. वही कुणाच्याही हाती लागते.

बारावा_मैल:
बाकी पटलं, पण चकरा एवढ्या वाईट का? दहा चकरांनी कोण मरत नाही. गणवेशाची संघटना आहे, थोडा रगडा असलाच पाहिजे, नाहीतर कॉलेजच्या स्नेहसंमेलनासारखं होईल.

सुरंगी:
बारावा मैल, कणखरपणा हवाच. पण धावणं हा पीटीचा भाग आहे. तेच शिक्षा म्हणून वापरलं की मुलं पीटीच टाळायला लागतात. दुसरं, उशिराशी चकरांचा काय संबंध? चकरा मारून गाडी वेळेवर येत नाही.

तब्येतीचा मुद्दाही खरा आहे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ऊन कडक आणि हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड व्हायचा रस्ताच बंद. त्यात रिकामं पोट, खाकी जाड कापड आणि बूट. चक्कर येऊन पडणारी मुलं अशीच पडतात. नुसत्या सावधानमध्येही गुडघे घट्ट ताणून उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि पोर कोसळतं. म्हणून कोंबडा बनवणं, बेडूकउड्या, कोपरावर उभं करणं, उन्हात उभं ठेवणं, सगळं बंद. मुलींच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पाळीच्या दिवसांत ती सांगत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही.

कायद्याचंही बघा. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. ज्युनियर डिव्हिजनची आठवीची मुलं त्यात थेट येतात. गणवेश घातला म्हणून त्यांना वेगळा नियम लागत नाही. 2023 मध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजात सिनियर कॅडेटने भर पावसात ज्युनियर मुलांना पाण्यात ओणवं करून काठीने मारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तिथेही शिक्षक समोर नव्हते, सिनियरच्या हाती कारभार होता. कातळसडा सर, तुमच्या सार्जंटच्या दहा चकरा त्याच रस्त्याची पहिली पायरी आहे, म्हणून तो विषय पुढच्या परेडच्या आत संपवा.

चुकीला जोडलेलं काम मात्र देता येतं. बकल काळं पडलंय तर पुढच्या परेडला दहा मिनिटं आधी येऊन ते दाखवायचं. आपल्या खाऱ्या हवेत पितळ चार दिवसांत काळं पडतं. शुक्रवारी रात्री ब्रासो लावून, कोरड्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून ठेवायला शिकवा. हे कुणी शिकवलेलंच नसतं आणि आपण टर्नआउट (गणवेशाची टापटीप) खराब म्हणून ओरडतो. बूट ओले असतील तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, चुलीजवळ ठेवायचे नाहीत, चामडं तडकतं. पावसाळ्यातल्या टर्नआउटच्या निम्म्या चुका समज देण्यासारख्या नसतातच, शिकवण्यासारख्या असतात.

मुलीला समज देताना पुरुष शिक्षकाने एकट्याने बसू नये. मॅडम किंवा दुसरी एखादी शिक्षिका नजरेच्या टप्प्यात हवी. खोली असेल तर दार उघडं. खांद्यावर हात ठेवून धीर देणंही नको, मुलगा असला तरी. बेरे किंवा बेल्ट सारखा करायचा तर "तू स्वतः कर" म्हणा. रात्री मोबाईलवर वैयक्तिक मेसेज करून समज देऊ नका, आणि ट्रूपच्या ग्रुपवर नाव घेऊन तर कधीच नको. चारचौघांतला अपमान एका दिवसात विसरला जातो, ग्रुपवरचा राहतो.

आणि "मला सांग, मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. बोलता बोलता मुलाने मारहाण किंवा लैंगिक त्रासाचं काही सांगितलं तर ते तुम्हाला पुढे न्यावंच लागतं. लैंगिक त्रासाची माहिती देणं तर पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. तिथे समज देण्याचा विषय लगेच थांबवायचा, खोदून चौकशी करायची नाही, शांतपणे ऐकायचं आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पोलिसांकडे जायचं. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ असू द्या.

सुकाणू:
नेव्हल (नौदल) विंगवाल्यांसाठी थोडं वेगळं आहे, आणि किनाऱ्यावर नेव्हलची मुलं पुष्कळ आहेत म्हणून लिहितो.

27 फुटी व्हेलरमध्ये (वल्ह्यांच्या बोटीत) पाच वल्ही आणि मागे सुकाणू धरणारा कॉक्सन. पाण्यावर समज द्यायची नसते, तिथे फक्त हुकूम. एखाद्याने लाइफ जॅकेटचा पट्टा सोडला, बोटीत उभा राहिला, हात काठाबाहेर ठेवला, तर मोठ्या आवाजात नाव घेऊन एकच शब्द: "बस!" किंवा "पट्टा!" त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही आणि ते सगळ्यांसमोरच व्हायला हवं, कारण धोका सगळ्यांना आहे. पुन्हा तेच केलं तर वल्ही थांबवून बोट धक्क्याकडे. पाण्यावर वाद नाही, स्पष्टीकरण नाही. एकाला समजवायला कॉक्सनची नजर वळली की बोट ओहोटीच्या ओढीने आडवी होते.

बोलणं धक्क्यावर आल्यावर. त्यातही बोट धुऊन, वल्ही आणि क्रचेस (वल्हं अडकवायचे आकडे) मोजून जागेवर ठेवल्यावर. ओल्या कपड्यांत मुलांना उभं ठेवून बोलू नका, कपडे बदलू द्या. मग त्या एकालाच बोलवा आणि पाण्यावर ओरडलो ते का, तेवढंच सांगा. "मघाशी मी ओरडलो, कारण पट्टा सुटलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून वर निघतं." ओरडण्याचं कारण कळलं की त्याचा राग उतरतो. न सांगता सोडलं की पुढच्या वेळी तो तुमच्या बोटीत यायला कांकू करतो.

कोळीवाड्यातल्या मुलाचं एक लक्षात ठेवा. त्याला तुमच्यापेक्षा पाणी जास्त कळतं, जॅकेट घालायला तो का कू करतो, कारण घरच्या होडीत कुणी घालत नाही. "तुला पोहता येत नाही का" वगैरे उपदेश तिथे चालत नाही. त्याला बो-मनची (बोटीच्या पुढच्या टोकाची) जागा द्या, धक्क्याला लागताना दोरी त्याच्या हाती द्या, आणि सांगा की शहरातली मुलं तुझ्याकडे बघून पट्टा बांधतात की नाही ते ठरवतात. खरंच तसं असतं.

पांढऱ्या गणवेशावर तांबड्या मातीचे डाग हा दुसरा नेहमीचा विषय. जांभ्याची माती ओली असताना घासली की आत जाते. वाळू द्यायची, झटकायची, मग धुवायची. हे आधी शिकवा, नंतर बोला.

कातळसडा:
सर्वांचे आभार. दोन शंका. बोलताना मुलगा रडायला लागला तर? आणि "सर, तुम्ही माझ्यावरच खार खाता, बाकीचे पण उशिरा येतात" असं म्हणाला तर?

दुसरी_शिट्टी:
रडला तर थांबा. पाणी द्या. "रडू नकोस" म्हणू नका, पाठ थोपटू नका, फक्त गप्प बसा. दोन मिनिटांत थांबतो. न थांबला तर "आज इथेच राहू दे, सोमवारी बघू" म्हणा, आणि तोंड धुऊन मगच त्याला बाकीच्यांत पाठवा. लाल डोळ्यांनी ट्रूपमध्ये पाठवलंत तर उरलेली समज बाकीची पोरं देतात. आणि उशिरासारख्या किरकोळ विषयावर नववीतला मुलगा बराच रडला तर समजा की विषय उशिराचा नाहीच. घरी काहीतरी आहे. मग वर्गशिक्षकांशी बोला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच न देता आधी रजिस्टरला विचारा. खरंच बाकीचे उशिरा येतात का? येत असतील तर तो बरोबर बोलतोय आणि तुम्ही ते मान्य करायला हवं: "बरोबर आहे, आणखी दोघे आहेत, त्यांच्याशीही बोलणार. आता तुझं बघू." मग त्या दोघांशी त्याच आठवड्यात बोला. येत नसतील तर वाद घालू नका, दुसऱ्याचं नाव चर्चेत घेऊ नका, तुमच्या चिठ्ठीवरच्या तीन तारखांवर परत या.

आता सार्जंट. तोच तुमच्या ट्रूपचा कणा आहे, म्हणून त्याच्याशी जास्त जपून बोला. त्यालाही एकट्यालाच, आणि कॉर्पोरलच्या आधी बोलवा. सुरुवात त्याने बरोबर काय केलं तिथून: उशीर त्याच्या नजरेला आला, दुर्लक्ष केलं नाही. मग सरळ सांगा की शारीरिक शिक्षेचा अधिकार त्याला नाही, तुम्हालाही नाही. त्याच्या हाती काय आहे ते नेमकं ठरवून द्या. ड्रिलमधली चूक जागेवर, सगळ्यांसमोर, नंबर घेऊन: "तिसरी फाइल, हात हलव." तिथे लाज नाही, ते ड्रिलच आहे. वागण्यातली चूक बाजूला घेऊन, एक वाक्य. पुन्हा झाली तर तुम्हाला सांगायचं. एवढ्याच तीन पायऱ्या. कॉर्पोरलला त्याच्या सेक्शनसमोर कधीच नाही, कारण पुढच्या मिनिटाला त्याच सेक्शनला हुकूम द्यायचा असतो त्याला.

ते एकाच वर्गातले आहेत, ही खरी अडचण. पट्टीचं अंतर शनिवारी दीड तास, बाकी आठवडाभर एकाच बाकावर. म्हणून सार्जंटला शिकवा की ग्राउंडवर "कॉर्पोरल" म्हणायचं आणि आडनावाने बोलवायचं. वर्गात गेल्यावर शनिवारचा विषय काढायचा नाही. आणि त्याच्याकडून सराव करून घ्या. तुम्ही उशिरा आलेला कॉर्पोरल व्हा, त्याला तुम्हाला सांगू द्या. पहिल्यांदा तो हसेल, दुसऱ्यांदा ओरडेल, तिसऱ्या-चौथ्या वेळी बरोबर बोलेल. पंधरा मिनिटं जातात.

बारावा_मैल:
चकरांचं मागे घेतो, सुरंगी मॅडमचा उपाशीपोटीचा मुद्दा डोक्यात नव्हता. पण तोंडी समज दोनदा देऊनही फरक नाही तर?

सुरंगी:
दोनदा तेच झालं तर तिसऱ्यांदा तेच करायचं नाही. तिसरी भेट वर्गशिक्षकांसह, आणि आधी त्याला सांगून: "पुढच्या वेळी मी एकटा नसेन." नंतर घरी निरोप. निरोपात "तक्रार आहे" असं नको, "परेडच्या वेळेबद्दल बोलायचंय" असं लिहा, नाहीतर मुलगा घरी मार खातो आणि ते तुमच्या खात्यावर जमा होतं. पट्टी काढायची धमकी देऊ नका. काढायचीच असेल तर शांतपणे, उशिरासाठी सेक्शनची जबाबदारी काढत आहोत आणि अमुक तारखेला परत विचार करू, असं कारण सांगून. नाव कमी करण्याचा विषय युनिटकडे, कमांडिंग ऑफिसरच्या पातळीवर. तो तुम्ही तोंडाने काढायचाच नाही. पीआय स्टाफपैकी (युनिटचे लष्करी प्रशिक्षक) उस्ताद येतात त्या दिवशी त्यांच्या कानावर आधीच घालून ठेवा. त्यांनी नेमकं त्याच दिवशी वेगळं काही बोलून टाकलं तर तुमच्या दोन भेटी वाया जातात.

गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या शनिवारी मात्र कुणालाही समज द्यायला बसू नका. निम्मा ट्रूप मनाने घरी पोचलेला असतो, आणि पुढची भेट पंधरा दिवस लांबते.

कातळसडा:
वस्तीच्या गाडीचं विचारलं. पावणेसहाला वाडीतून सुटते, पण पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं की कॉजवेपाशी थांबते. तिन्ही तारखांना पाऊस होता. आधी सार्जंटशी बोलतो, मग याला 7.15 ची परवानगी आणि सेक्शनची गिनती पाऊस संपेपर्यंत लान्स कॉर्पोरलकडे. शनिवारी फॉल-इनलाच ट्रूपला सांगतो.